आईच्या साड्या, नातवंडाचं दुपटं आणि सारखा तुटणारा दोरा

ऑक्टोबर हीटने जीव नकोसा झालाय पण पत्रं बघितली तर नाशिककरांना थंडीचे वेध लागलेले दिसतायत, निम्म्याहून जास्त प्रश्न गोधडीचेच आहेत, आणि उरलेले दिवाळीला-भाऊबीजेला हाताने शिवून काय देता येईल याचे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

प्रश्न: ताई, आई गेली त्याला आता वर्ष होईल. तिच्या साड्या आम्ही तिघा भावंडांनी अजून कपाटातच ठेवल्यात. सात सुती आहेत, काही जॉर्जेट आणि सिंथेटिक, आणि एक जुनी पैठणी. तिघांना एकेक गोधडी करायचीय, आणि प्रत्येकाला वाटतंय की आपल्या गोधडीत सगळ्या साड्या हव्यात. मला साधा धावदोरा येतो, बाकी काही नाही. कुठून सुरुवात करू? (सिडको)

उत्तर: धावदोरा येतो ना, मग गोधडी येते तुम्हाला, कारण गोधडीत दुसरा टाका नसतोच.

आधी साड्यांची वाटणी करा, भावंडांत नाही, कापडाप्रमाणे. ज्या साडीबद्दल शंका असेल तिच्या कडेचे दोन-चार धागे ओढून स्टीलच्या ताटलीत ठेवा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राख उरते. सिंथेटिक आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी होतो. मणी झाला ती साडी गोधडीत घालायची नाही, कितीही आवडती असली तरी. घाम शोषत नाही, आतल्या आत सरकते, आणि वर्षभरात तिथे फुगवटा दिसायला लागतो. पैठणीलाही हात लावू नका. जुनं रेशीम घडीवर चिरत जातं आणि जर अंगाला टोचते. ती तशीच राहू दे, पुढेमागे कुणाचं लग्न निघालं तर पदर उपयोगाला येईल.

आता सगळ्या साड्या सगळ्यांना हव्यात याचं काय करायचं. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, पन्हा पंचेचाळीस इंचाच्या आसपास. लांबीत तिची तीन पदरी घडी घातली की सहा फूट बाय पावणेचार फूट असा तुकडा होतो, एकही जोड न देता, आणि सोफ्यावर पाय घेऊन बसायला किंवा एकट्याला पांघरायला तेवढं पुरतं. तर सातातल्या ज्या तीन सगळ्यात विरलेल्या, मऊ झालेल्या आहेत त्या आत घाला, प्रत्येक गोधडीला एक. उरलेल्या चार साड्यांच्या बारा इंच रुंद आणि सहा फुटांपेक्षा जरा जास्त लांब अशा पट्ट्या काढा, प्रत्येक साडीच्या तीन. एकेका गोधडीला चार साड्यांची एकेक पट्टी शेजारी-शेजारी जोडली की वरचा थर झाला. एकूण चार थर, हाताने आरामात सुई जाते. म्हणजे तिघांच्या गोधड्या वरून अगदी सारख्या दिसतील आणि आतली साडी मात्र ज्याची त्याची. आत कुठली कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवा बाई, नाहीतर तिथेच भांडण.

हे सगळं करायच्या आधी साड्या एकदा धुवून घ्या, आणि गडद रंगाच्या असतील तर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर ती वेगळी धुवायची, दोन-तीनदा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, आजकालच्या रंगांवर त्याचा भरवसा धरू नका.

शिवताना आधी जमिनीवर चटई टाकून थर पसरा, हाताने सारखे करा आणि मधून बाहेर असे वीत-वीत अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. हा कंटाळवाणा भाग आहे आणि हाच टाळला जातो, मग मध्ये चुण्या पडल्या की सुईला दोष. कच्चे टाके झाले की चारी कडा अर्धा इंच आत दुमडून एका कोपऱ्यापासून कडेने सुरू करायचं, कोपरा आला की वळायचं, असं फिरत फिरत मध्यापर्यंत. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा, फार दाट केली तर गोधडी कडक होते. आपल्याकडे जुन्या बायका अशाच कडेकडून आत येतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात त्याही कडेकडूनच, आणि शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुलं लावतात, फुलं नसतील तर कवंदी पुरी झाली असं त्या धरत नाहीत. तुम्हाला वाटलं तर पैठणीच्या ब्लाउजपीसची चार फुलं लावा, तेवढं चालेल, धुताना उसवून काढता येतात.

प्रश्न: गोधडी शिवताना दोरा सारखा तुटतो, नाहीतर गुंता होतो. दोरा बदलला, सुई बदलली, तेच. (नाशिकरोड)

उत्तर: तुम्ही दोरा लांब घेताय. सगळेच घेतात, सारखी सुई ओवायचा कंटाळा म्हणून. बोटांपासून कोपराच्या जरा पुढपर्यंत एवढाच घ्यायचा. लांब दोरा प्रत्येक टाक्याला चार थरांतून घासत जातो आणि पिंजतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की आणखी टिकतो. आणि मशीनची रीळ वापरत असाल तर ती ठेवून द्या, मेनरोडला शिवणाच्या सामानाच्या दुकानात गोधडीचा दोरा मागा, जाड सुती देतात. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, पहिल्या दिवशी अडचण वाटते, नंतर त्याच्याशिवाय बसवत नाही.

प्रश्न: मुलगा-सून न्यू जर्सीला असतात. डिसेंबरात बाळ येणार. मी उन्हाळ्यापासून बसून कापूस भरलेली छोटी रजई, दोन दुपटी आणि कुंची शिवली, माझ्या नऊवारी पातळाची. परवा सूनबाई फोनवर म्हणाली, आई रजई नका पाठवू, इथे डॉक्टर बाळाच्या अंगावर पांघरूण घालू देत नाहीत. मी काही बोलले नाही, पण मनाला लागलं. आमची मुलं काय गोधडीशिवाय वाढली का? (इंदिरानगर)

उत्तर: आजी, लागणारच हो, उन्हाळ्यापासूनचं काम आहे. पण सूनबाईचं बरोबर आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची जी मोठी संघटना आहे, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, तिचा सल्लाच आहे की पहिलं वर्षभर बाळाला उताणं झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर, आणि त्याच्या जागेत सुटं पांघरूण, उशी, रजई, मऊ खेळणी काहीच ठेवायचं नाही. तोंडावर आलं तर एवढ्याशा जिवाला बाजूला सारता येत नाही, आणि अंगही फार तापतं. आपल्याकडे बाळ आईच्या नाहीतर आजीच्या कुशीत, घरात दहा माणसं, कुणी ना कुणी जागं असायचं. तरीही हा सल्ला इथल्या बाळांना लागू आहेच, फक्त आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

तर रजई इथेच ठेवा, बाळ दोन वर्षांचं होऊन नाशिकला येईल तेव्हा तिच्यावर हक्काने लोळेल. दुपटी मात्र नक्की पाठवा आणि सूनबाईला सांगा की ही झोपेत घालायला नाहीत. मांडीवर घेताना, तेल लावताना खाली टाकायला, जमिनीवर पालथं ठेवून खेळवताना, दूध पाजताना खांद्यावर. जागं बाळ आणि समोर मोठं माणूस, एवढंच बघायचं. आणि नऊवारीचं धुवून धुवून मऊ झालेलं सूत तिथे कुठल्याही दुकानात मिळत नाही, हे तिला दुपटं हातात घेतल्यावर कळेलच. कुंचीला गळ्याशी नाडी असेल तर ती काढा, दोरी-नाडी गळ्याजवळ नको, आणि मणी, टिकल्या, बटणं लावली असतील तर तीही उसवा, बाळं सगळं तोंडात घालतात. कुंची सुद्धा जागेपणीच घालायची, झोपताना डोकं मोकळं.

अजून एक, हे सगळ्या आज्यांसाठी. बाळाचे कपडे डांबरगोळ्या घालून ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं, ते घरात कुणाला माहीतही नसतं, आणि अशा बाळाला डांबरगोळीतल्या नॅप्थलीनने तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. आधीच ठेवले असतील तर पाठवण्याआधी दोन-तीन दिवस उन्हात टाकून, नीट धुवून, वास पूर्ण गेलाय ना बघून मगच पाठवा. ठेवायला कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरे.

प्रश्न: मशीनवर गोधडी मारताना वरचं कापड पुढे सरकतं आणि शेवटी दोन-तीन इंच जास्त उरतं. (सातपूर)

उत्तर: मशीनच्या पायाचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या प्रेसर फूटचा, दाब कमी करा, टीप साडेतीन-चारची मोठी ठेवा, सुई सोळा नंबरची. अठरा नको, विरलेल्या साडीला भोकं दिसतात. तुमच्या मशीनला वॉकिंग फूट बसत असेल तर घेऊन टाका, तो वरचं आणि खालचं कापड बरोबरीने ओढतो. आणि कच्चे टाके, वर सिडकोच्या ताईंना सांगितलेत तेच.

प्रश्न: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या वर्षी प्लास्टिकचं वाण नको, हाताने शिवलेलं काहीतरी द्यायचंय. खणाचे बटवे करू का? (गंगापूर रोड)

उत्तर: बटवे दिसतात सुंदर, पण गेल्या चार संक्रांतींचे बटवे तुमच्या कपाटात किती पडलेत ते आधी मोजा. माझं मत विचाराल तर भाजीची पिशवी. जुन्या जॉर्जेट नाहीतर पॉलिस्टर साडीची, गोधडीला जी चालत नाही तीच. हलकी असते, धुतली की तासाभरात वाळते, मुठीत मावते, पर्समध्ये पडून राहते. सतरा बाय अडतीस इंचाचा तुकडा मध्ये दुमडला की पिशवी झाली, पन्ह्यात असे दोन आणि लांबीत पाच, म्हणजे एका साडीत दहा. कडेला जी अकरा इंचाची पट्टी उरते त्यातच सगळ्यांचे बंद निघतात, तीन इंच रुंद आणि चोवीस इंच लांब कापून लांबीत दुमडायचे. बंद जिथे जोडाल तिथे चौकोन आणि मध्ये फुली अशी टीप मारा, दोन किलो कांदे घातले तरी उसवत नाही. साडी निसटते म्हणून कापायच्या आधी दोन कापडं टाचण्यांनी धरून घ्या.

प्रश्न: लग्नात मिळालेली गोधडी आहे, चारी बाजूंनी पैठणीचे काठ लावलेत. मुलाने तिच्यावर दूध सांडलं. धुवायची कशी? (येवला)

उत्तर: येवल्याच्या बाईने पैठणी कशी धुवायची हे मला विचारावं! काठ उसवून काढा, गोधडी साबणाच्या गार पाण्यात घाला, काठ ड्रायक्लीनला द्या. परत लावू नका. ज्याने दिली त्याने फोटो काढून घ्यायला दिली होती असं समजा.

प्रश्न: ताई, मी कंपनीत शिफ्टला जातो, शिवणकाम आयुष्यात केलं नाही. बहीण शिक्षिका आहे, तिचा चष्मा सारखा पर्समध्ये घासतो. भाऊबीजेला विकतच्या ऐवजी स्वतः काहीतरी शिवून द्यावं असं डोक्यात आलंय. बायको हसतेय. जमेल का? (अंबड)

उत्तर: दादा, बायकोला हसू दे, तिला सुई ओवून द्यायला मात्र सांगा. चष्म्याचं कव्हर करा, मशीन लागत नाही, दोन संध्याकाळी पुरतात.

आठ बाय आठ इंचाचे तीन चौकोन कापा. एक बाहेरचा, खण घ्या छान दिसतो, एक आतला, जुन्या बनियनचं होजिअरी कापड सगळ्यात उत्तम कारण काचेवर चरे येत नाहीत, आणि एक मधला, जुन्या टॉवेलचा. टॉवेल खाली, त्यावर खण सुलट बाजू वर, त्यावर बनियन सुलट बाजू खाली. पेन्सिलने कडेपासून अर्ध्या इंचावर रेघ मारा आणि तिच्यावरून बारीक धावदोरा, दर चार टाक्यांनी एक टाका मागे घ्यायचा म्हणजे पक्कं होतं. एका बाजूला मध्ये दोन इंच मोकळं सोडा. चारी कोपरे तिरके कातरा, टाक्याला कात्री लागू देऊ नका, आणि त्या मोकळ्या जागेतून सगळं उलटं करून बाहेर काढा. कोपरे पेन्सिलच्या मागच्या टोकाने ढकला. आता सात बाय सातचा गुबगुबीत चौकोन हातात आला, मोकळी जागा आतल्या अंगाने शिवून टाका, वरून इस्त्री फिरवा, मध्ये दुमडा, खालची आणि बाजूची कड लहान लहान टाक्यांनी जोडा. वरचं तोंड उघडंच राहू दे. साडेतीन बाय सात, नेहमीचा चष्मा व्यवस्थित बसतो, तरी कापण्याआधी तिच्या चष्म्याचं माप गुपचूप घ्या, आजकाल मोठ्या फ्रेमची फॅशन आहे, तसा असेल तर चौकोन नऊ इंचाचे. टाके वाकडे आले तर उसवत बसू नका, खणाच्या नक्षीत ते दिसतही नाहीत. झिप, बटण, वेलक्रोच्या भानगडीत पहिल्याच वेळी पडायचं नाही.