गोळ्याची चार्ज डेन्सिटी: क्षेत्रफळाने भागायचं की घनफळाने?
प्रश्न असा की १० सेंमी त्रिज्येच्या गोळ्यावर ६ नॅनोकूलॉम चार्ज आहे, तर चार्ज डेन्सिटी, म्हणजे दर चौरस मीटर किंवा घनमीटरमागे किती चार्ज, काढताना भागायचं कशाने. अरे, आधी गोळा धातूचा आहे का ते बघ, सगळं तिथेच ठरतं. धातूत चार्ज एकमेकांना ढकलत बाहेरच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो, आत काहीच उरत नाही, म्हणून पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने, ४ पाय आर वर्गाने भागायचं, म्हणजे ०.१२५७ चौरस मीटर, उत्तर साधारण ४८ नॅनोकूलॉम प्रति चौरस मीटर. प्लास्टिकचा भरीव गोळा असेल आणि चार्ज आतपर्यंत सारखा पसरलाय असं दिलं असेल तरच घनफळ, मग येतात साधारण १४३० नॅनोकूलॉम प्रति घनमीटर.

बारीक लांब तारेला सरळ लांबीने भाग, पातळ चकतीला पाय आर वर्गाने. धातूला टोक असेल तर मात्र चार्ज तिथे जास्त दाटतो, म्हणून असा भागाकार फक्त सरासरी देतो.

मी सदाशिव पेठेत बारावीच्या मुलांना शिकवते, सगळ्यात जास्त मार्क जातात ते युनिटमध्ये. चौरस सेंमीचे चौरस मीटर करताना १०० ने नाही, १०,००० ने भागायचं, आणि घन सेंमी असेल तर थेट १० लाखाने!