जुन्या मोटरसायकली : किक मारण्याआधी

जुन्या मोटरसायकलींबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेकांना आधी रंग कोणता द्यावा हे हवं आहे. आमचा क्रम उलटा आहे : आधी कागद, मग ब्रेक आणि टायर, मग इंजिन, रंग सर्वांत शेवटी. रंगाला दिलेले पैसे परत मिळत नाहीत आणि रंगवलेली बंद गाडी ही बंदच गाडी.

प्रश्न : वडिलांची १९७४ची येझदी २५० तेरा वर्षं जिन्याखाली उभी आहे. ठेवली तेव्हा चालू होती. मिस्त्री म्हणतो, पूर्ण इंजिन खोलावं लागेल. खरंच लागेल का? घरी काय करता येईल? (रामबाग, इंदूर)

लगेच नाही. पण तोवर कोणालाही हौसेने किक मारू देऊ नका. कोरड्या बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या पोकळीत, गंजाचा पातळ थर असतो. त्यावरून पिस्टनची रिंग फिरली की ओरखडे पडतात आणि मिस्त्रीचं म्हणणं खरं होतं.

प्लग काढा. भोकातून दोन चमचे, म्हणजे साधारण १० मिलि, टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न लावता किक हाताने हळू दाबा. फिरली तर उत्तम. न फिरल्यास डिझेल आणि ऑइल निम्मंनिम्मं करून तीन-चार दिवस बोअरमध्ये ठेवा, मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने अलगद मागेपुढे करा. पायाचा जोर इथे चालत नाही. टू-स्ट्रोकची रिंग पोर्टवरून, म्हणजे बोअरच्या भिंतीतल्या भोकांवरून, सरकते. अडकलेली रिंग तिथेच तुटते आणि तिचा तुकडा बोअर खराब करतो. चार दिवसांनीही हललं नाही, तर हेड उतरवून पाहावं.

सायलेन्सरचे बॅफल (आवाज अडवणारा आतला भाग) बाहेर काढून आत टॉर्च मारा. उंदरांचं घरटं निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. बॅफलवर काजळीचा जाड थर असेल तर खरवडून काढा. सायलेन्सर तुंबला की टू-स्ट्रोक गाडी सुरू होते, पण ओढत नाही.

आता टाकी. जुनं पेट्रोल डब्यात काढून घ्या. वार्निशसारखा वास येईल. टाकी गाडीवरून उतरवा, कॉक काढून तिथे बूच बसवा, आत मूठभर नट टाकून हलवा. नट मोजून टाका आणि मोजूनच काढा. मग पांढरं व्हिनेगर काठोकाठ भरून २४ ते ४८ तास ठेवा. व्हिनेगर रंगावर सांडू देऊ नका. ओतून दिल्यावर लिटरला दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, नाहीतर उरलेलं आम्ल पुन्हा गंज आणतं. उन्हात पूर्ण वाळवून लगेच आतून ऑइल फिरवा, कारण उघडं पडलेलं लोखंड एका दमट रात्रीत पिवळं पडतं. कॉकची जाळी आणि पेट्रोलचा पाइप नवाच घ्या.

कार्बोरेटर मूळचा जिकोव्ह असो की नंतर बसवलेला मिककार्ब, सफाईची रीत एकच. जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तोट्या) काढून क्लीनर मारा, मग हवा मारा. तार घालू नका. पितळेचं भोक एका फटक्यात मोठं होतं. फ्लोट गरम पाण्यात बुडवून पाहा, बुडबुडे आले तर तो फुटका आहे. फुटका फ्लोट पेट्रोलने भरून बुडतो आणि कार्बोरेटर वाहत राहतो.

करंटसाठी ६ व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी लावा. या गाडीचं ठिणगी देणारं कॉइल बॅटरीवर चालतं. डायनॅमोच्या झाकणाखालचे पॉइंट (उघडमीट होऊन ठिणगी पाडणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने घासा आणि पेट्रोलमध्ये भिजवलेला जाड कागद मधून ओढून पुसा. पूर्ण उघडले असताना गॅप ०.४ मिमी, प्लगचा ०.६ मिमी. पॉइंटवर पिवळसर-पांढरी ठिणगी सारखी उडत असेल तर कंडेन्सर बदला. चावी चालू ठेवून गाडी उभी करू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जळतं.

पेट्रोलमध्ये ऑइल किती? सुरुवातीला लिटरला ४० मिलि, म्हणजे पाच लिटरला २०० मिलि. गाडी नीट चालू लागली की चांगल्या टू-टी ऑइलवर ३० मिलिपर्यंत यायला हरकत नाही. आधी डब्यात मिसळून हलवा, मगच टाकीत ओता. गिअरचं जुनं ऑइल काढून साधारण एक लिटर नवं भरा. लेव्हलच्या स्क्रूतून ठिबकू लागलं की थांबा.

सुरू झाल्यावर दहा मिनिटं तिच्याकडे लक्ष ठेवा. खरा निकाल इथे लागतो, आणि तो क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) दोन सीलांवर अवलंबून असतो. उभ्या गाडीत सील कडक होतात. डायनॅमोच्या बाजूचा गेला असेल तर इंजिन बाहेरची हवा ओढतं : अॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज चढा राहतो, प्लग पांढराफट निघतो. अशी गाडी पळवली की पिस्टन जाम होणारच. क्लचच्या बाजूचा गेला असेल तर इंजिन गिअरचं ऑइल पितं : दाट पांढुरका धूर निघतो, तो थांबत नाही, आणि गिअरचं ऑइल कमी होत जातं. पहिल्या काही मिनिटांचा धूर बोअरमध्ये सोडलेल्या ऑइलचा असतो, त्याला घाबरू नका. या दोन खुणांपैकी एक दिसली, तर मात्र मिस्त्रीचं ऐका आणि इंजिन खोला.

रस्त्यावर काढण्याआधी टायर-ट्यूब बदला. रबरावर कितीही नक्षी असो, तेरा वर्षांचा टायर टाकाऊच. तुमच्या गाडीला ३.२५-१६. ब्रेक शू काढून पाहा. जुना लायनर शूवरून सुटून ड्रममध्ये अडकला तर चाक जाम होतं.

प्रश्न : पहिली जुनी गाडी कोणती घ्यावी – बुलेट, जावा की राजदूत? नव्या जावाचे पार्ट जुनीला बसतील का? कारखाना इथे पीथमपूरलाच आहे, म्हणून विचारतो. (महू)

शेवटच्याचं उत्तर आधी : नाही. २०१८ साली आलेली जावा २९३ सीसीची, पाण्याने थंड होणारी फोर-स्ट्रोक. मैसूरची जुनी जावा-येझदी हवेने थंड होणारी टू-स्ट्रोक. दोघींत नाव सोडून काही सारखं नाही.

पार्टच्या दृष्टीने बुलेट ३५० सगळ्यांत सोयीची. तिचा ७० × ९० मिमीचा बोअर-स्ट्रोक कित्येक दशकं तोच राहिला, त्यामुळे नव्या-जुन्या गाड्यांचे बरेच भाग एकमेकांना चालतात. पण टॅपेट (व्हॉल्व्हची फट), टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), ऑइल पंप हे सगळं शिकावं लागतं. जावा-येझदीत हलणारे भाग कमी, घरी शिकायला ती बरी; नवे बनवलेले पार्ट मिळतात, पण दर्जाचा भरवसा नाही, म्हणून जुना पार्ट हातात घेऊन दुकानात जा आणि मापाने घ्या. राजदूत १७५ हलकी आणि खर्चाला कमी. आरडी ३५० पहिली गाडी म्हणून घेऊ नये. तिचं दोन सिलिंडरचं इंजिन जोरकस आहे, आपल्याकडच्या आवृत्तीचे ड्रम ब्रेक त्या मानाने कमजोर.

कोणतीही घ्या, पण सगळे अवयव जागेवर असलेली घ्या. मोडका पार्ट दुरुस्त होतो. नसलेला पार्ट शोधण्यात वर्ष जातं. टूलबॉक्सचं झाकण, मीटर, हेडलाइटची खोळ, मडगार्डचे स्टे, साइड कव्हर हे आधी मोजा. पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड आहे ना, हात लावून पाहा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर सुरू होण्याचा त्रास तो लपवतो आहे. हँडल दोन्ही बाजूंना हळू वळवा; मधोमध खटकलं तर स्टिअरिंगच्या बेअरिंगच्या कपांत खड्डे आहेत. ते स्वस्तात बदलतात, भाव पाडायला मात्र कामाला येतात.

प्रश्न : माझी १९८२ची बुलेट ३५० महिनाभर उभी राहिली की सुरू करताना धूर आणि ऑइल ओकते, आणि किक उलटी मारते. गुडघा दुखावला आहे. (तिलकनगर)

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बहुधा बिघाड नाही. बुलेटच्या ऑइलची टाकी क्रँककेसमध्येच असते; गाडी उभी असताना पंपातून ऑइल झिरपून क्रँकच्या खोलीत उतरतं आणि सुरू होताच ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर पडतं. महिनाभराने काढताना खालचा ड्रेन प्लग उघडून तिथलं ऑइल बाटलीत घ्या. स्वच्छ असेल तर गाळून परत ऑइलच्या टाकीत ओता. एका आठवड्यातच भरपूर उतरत असेल तर पंप तपासून घ्या.

उलट किकीचं कारण टायमिंगमध्ये किंवा पद्धतीत. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. पिस्टन वर पोहोचायला ०.८ मिमी उरलेलं असताना पॉइंट नुकते सुटू लागले पाहिजेत. मध्ये सिगारेटचा पातळ कागद धरला की तो नेमका केव्हा सुटतो ते कळतं. हे माप अॅडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी, वजनं मिटलेली असतानाचं. वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या किंवा वजनं चिकटून उघडीच राहिली, तर ठिणगी फार लवकर पडते आणि पिस्टन उलटा ढकलला जातो. बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. त्याच बैठकीत टॅपेट पाहा : इंजिन थंड, पिस्टन कम्प्रेशनच्या टोकाला, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बोटांनी फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये.

पद्धत अशी : चावी लावा, किक हळू दाबत अडेपर्यंत न्या. डिकम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर ओढून, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर परत येईपर्यंत किक सरकवा, त्यापुढे अगदी थोडी आणखी. लिव्हर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या, आणि अॅक्सिलरेटरला हात न लावता एकच लांब किक मारा. आणि हे बूट घालूनच; चपलेवर बुलेटची किक मारणाऱ्याला आम्ही सल्ला देत नाही.

प्रश्न : ई-२० पेट्रोल जुन्या गाडीला चालतं का? (सुदामानगर)

चालवावं लागतं. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमुळे तीन गोष्टी होतात. जुने रबरी पाइप आणि सील फुगतात किंवा चिरतात, म्हणून इथेनॉलला टिकणारा पाइप घ्या. ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात महिनाभर उभ्या गाडीत पाणी खाली बसतं आणि आधी कार्बोरेटर, मग टाकी गंजते. आणि इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. सिमरोल किंवा भेरूघाटाचा चढ चढून लगेच इंजिन बंद करा आणि प्लग पाहा. बदामी असेल तर ठीक, पांढरा असेल तर जेटची सुई एक खाच वर घ्या, तेवढ्याने भागलं नाही तर मेन जेट एक नंबर मोठा. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवा. टू-स्ट्रोकवाल्यांनी मिसळलेलं पेट्रोल साठवून ठेवू नये.

प्रश्न : १९७१ची बुलेट स्वस्तात मिळते आहे, पण आर.सी. नाही. 'विंटेज'मध्ये नोंद होईल, असं विकणारा सांगतो. (लोकमान्यनगर)

सोडून द्या. जुलै २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. पण तो मालकीचा पुरावा नसलेल्या गाडीला कागद मिळवून देण्याचा रस्ता नाही. शिवाय विंटेज गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. रविवारी सकाळी राजवाड्यावर पोहे खायला जायचं असेल तर साधी नोंदणीच हवी. १५ वर्षांनंतर ती तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवून मिळते.

आर.सी. असलेल्या गाडीतही चासी आणि इंजिन नंबर स्वतः घासून वाचा. आकडे वाकडेतिकडे ठोकलेले किंवा भोवतीचं लोखंड ग्राइंडरने घासलेलं दिसलं, तर पैसे देऊ नका. जुना तीन अक्षरी नंबर ऑनलाइन दिसत नसेल तर नायता मुंडल्याच्या आर.टी.ओ.त नोंद चढवून घेण्याची जबाबदारी व्यवहाराआधी विकणाऱ्यावर टाका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ वरची एन.ओ.सी. वडिलांच्या पश्चात गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. (रामबागच्या येझदीवाल्या वाचकांनीही हे पाहावं.)

प्रश्न : रिमला गंजाचे ठिपके आहेत. पुन्हा क्रोम करावं का? (रामबाग)

ठिपके वरवरचे असतील तर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून घासा, बरेचसे जातात. मग मेण लावा. पापुद्रे सुटत असतील तरच प्लेटिंगला द्या, आणि खालच्या निकेलच्या थराबद्दल आधी बोलून घ्या. क्रोम फक्त चमक देतं, गंज अडवतं ते निकेल. घाईचं, निकेल कमी घातलेलं काम दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा ठिपके दाखवतं. स्पोक सोडण्याआधी रिमचं हबपासूनचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवा, नाहीतर चाक सरळ फिरेल पण चेनच्या रेषेत बसणार नाही.