दुकानदाराकडे माल विक्रीसाठी ठेवायला पाठवताय, म्हणजे विकेपर्यंत माल तुमचाच?

घाबरू नका, टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) हे व्यवस्थित जमतं. फक्त चादरी गाडीत चढल्या की लगेच विक्रीचं बिल फाडू नका. सोलापुरातले बरेच नवे लोक इथेच फसतात. टॉवेल पुण्यात फळीवर पडून आणि इकडे वहीत उधारी फुगलेली!

टॅलीत प्रत्येक दुकानदाराच्या नावाने वेगळं गोडाऊन (फक्त नोंदीपुरतं) उघडा, शिवाय 'वाटेत' नावाचं एक. गाडी सुटली की माल 'वाटेत', पोच आली की दुकानदाराच्या गोडाऊनला. नोंदीत बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) नंबर हवाच. गठ्ठा गहाळ झाला तर ट्रान्सपोर्टवाला तोच आधी विचारतो.

- सोबत डिलिव्हरी चलन द्या. राज्याबाहेर ५०,००० रुपयांवरचा माल असेल तर ई-वे बिलही (माल वाहतुकीसाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचं बिल).
- विकल्याचं कळलं की बिल. सहा महिन्यांत खपला नाही, तर परत आणा किंवा बिल करा.
- माल नगात मोजायचा की डझनात, एकदाच ठरवा.

पुन्हा माल कधी पाठवायचा? रोजचा खप गुणिले माल पोचायला लागणारे दिवस, वर थोडी राखीव. शिल्लक त्याखाली गेली की पाठवा. पण त्यासाठी दुकानदाराकडून दर आठवड्याला मोजलेली शिल्लक घ्या, अंदाजाची नको. लग्नसराईत राखीव वाढवा.

कमिशन, एजंटची बिलं नंतर बघू.