पाठीतलं पाणी आणि आईचा होकार

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. बाबा गेल्यावर आईला (वय ६७) सोलापूरहून इकडे आणलं. तिची स्मरणशक्ती उत्तम आहे. इथल्या अल्झायमरवरच्या एका संशोधनाला भारतीय ज्येष्ठ हवे आहेत. रक्त, मेंदूचा स्कॅन आणि आईला चालणार असेल तर पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सुईनं काढतात) घेणार आहेत. सोलापूरचा दादा म्हणतो, "पाणी काढलं की पाय जातात. आईवर कसले प्रयोग करतेस?" काय करू?

उत्तर : ताई, दादांना हसू नका. आमच्या सोलापुरात 'पाठीतलं पाणी' हे शब्द बहुतेकांच्या कानावर पडतात ते घरात कुणी मेंदूज्वरानं अत्यवस्थ असताना. पुढे जे वाईट होतं ते आजारामुळे की सुईमुळे, हे तेव्हा कोण बघतं? मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली टोचतात. काही दिवस डोकं दुखू शकतं, हे मात्र खरं. नुसतं रक्त देऊन भाग घेता येईल का, हे आधी विचारा.

अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांची गडबड विसरभोळेपणाच्या १५-२० वर्षं आधी सुरू होते. त्यातलं पी-टाऊ २१७ (टाऊचाच एक प्रकार) आता रक्तातही मोजता येतं. रक्ताला इंग्रजी यावं लागत नाही, ही मोठीच सोय! पण कितीच्या वर आकडा गेला की धोका, ही रेघ मुख्यतः गोऱ्या लोकांच्या रक्तावरून आखलेली आहे. मूत्रपिंड कमजोर असलं तरी हा आकडा वाढतो, आणि आपल्याकडे साखर नि बीपी घरोघरी. तुमच्या आईसारखी माणसं हवी आहेत ती म्हणूनच.

स्मरणशक्तीची चाचणी कोणत्या भाषेत घेणार, तेही विचारा. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात मराठी असं आयुष्य काढलेली आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातली बाई इंग्रजी परीक्षेत नापास झाली, तर त्यात तिच्या मेंदूचा काय दोष?

सगळ्यात अवघड प्रश्न निकालाचा. तो सांगणार का? लक्षणंच नसलेल्यांसाठी अजून मंजूर औषध नाही, त्यामुळे नुसता आकडा कळून झोप उडू शकते. जनुकांची तपासणी असेल तर ती बातमी तुमची आणि दादांचीही आहे. जनुकांच्या माहितीवरून भेदभाव होऊ नये म्हणून अमेरिकेतला २००८ चा कायदा आरोग्यविमा आणि नोकरीत संरक्षण देतो, आयुर्विमा किंवा दीर्घकालीन देखभालीच्या विम्यात नाही. मी असते तर रक्त दिलं असतं, निकाल मागितला नसता.

आता एक खटकलं ते सांगते. पत्रात दादांचं मत आहे, तुमची काळजी आहे. आई काय म्हणते, ते कुठेच नाही. संमतीपत्र मराठीत मागा, नाहीतर दुभाषा मागा. मधेच कधीही नको म्हणता येतं, हे तिला आधी सांगा. आणि त्या दिवशी दादांनाही व्हिडिओ कॉलवर घ्या, पण सही होईपर्यंत त्यांना म्यूटवर ठेवा.