हल्ल्याची तालीम करणारे साधन निवडताना

आपली संगणकीय सुरक्षा तपासण्यासाठी सायबर हल्ल्यांची मुद्दाम नक्कल करणारी साधने मिळतात. ती निवडताना विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला ‘हजारो हल्ले’ हा आकडा आधी बाजूला ठेवा. मायटर अटॅक या हल्लेखोरांच्या तंत्रांची वर्गवारी करणाऱ्या चौकटीत प्रत्येक तंत्राला क्रमांक असतो, उदाहरणार्थ टी१००३.००१ म्हणजे विंडोजच्या एलसॅस (लॉगिन तपासणाऱ्या) प्रक्रियेच्या मेमरीतून पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपे) वगैरे काढणे. हे एकच तंत्र टास्क मॅनेजरने किंवा प्रॉकडंप या प्रक्रियेची मेमरी फाइलमध्ये उतरवणाऱ्या साधनाने, अशा निरनिराळ्या मार्गांनी साधता येते. त्यामुळे साधन त्यांपैकी किती मार्ग खरोखर चालवते आणि कुठे नुसती फाइल टाकून ‘चाचणी झाली’ म्हणते, हे पाहिल्याशिवाय तुलना करू नये.

सुरुवात मोफत साधनांपासून करावी. अ‍ॅटॉमिक रेड टीममध्ये यॅमल नावाच्या साध्या मजकूर-स्वरूपातल्या फायलींत लिहिलेल्या सुट्या चाचण्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांना मागची आवराआवर करणाऱ्या आज्ञाही जोडलेल्या असतात; कॅल्डेरा मात्र सर्व्हर आणि एजंट (चाचणीच्या संगणकावर चालणारा छोटा प्रोग्राम) यांच्या आधारे पायरीला पायरी जोडत जातो. या दोघांना एकाच तराजूत तोलू नका.

माझ्या मते सर्वांत मोलाचा निकष म्हणजे निकालातला भेद: हल्ला अडला, अडला नाही पण इशारा उठला, नुसती नोंद झाली पण इशारा उठला नाही, की कोणाला पत्ताच लागला नाही. सगळीकडे हिरवे दाखवणारा अहवाल पाहून मी एकदा निश्चिंत झालो होतो. प्रत्यक्षात अँटिव्हायरसने चाचण्यांच्या स्क्रिप्टच आधी उडवल्या होत्या आणि न चाललेल्या चाचण्या ‘अडवल्या’ म्हणून मोजल्या गेल्या होत्या.

किंमत शेवटी पाहा. चाचणीची लेखी परवानगी मात्र सर्वांत आधी घ्या.