नीट हुकलं म्हणून बायोटेक?

जून संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो. "नीटला गुण कमी पडले. बायोटेकचं इंजिनिअरिंग घेऊ का? गणित कमी असतं म्हणे. पण पुढे नोकरी लागेल ना?"

सांगलीजवळच्या एका गावातून आलेले वडील आणि मुलगी हाच प्रश्न घेऊन बसले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलीनं नीट दोनदा दिली होती. बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेलं, त्यामुळे सीईटीही गणित गटातून देऊन ठेवलेली. ती काही बोलत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची.

वडील म्हणाले, "डॉक्टर नाही तर नाही मॅडम. निदान त्याच्या जवळपासचं काहीतरी."

हा 'निदान' मला फार खुपतो. चार वर्षं एखादा विषय 'निदान' म्हणून शिकणं मुलांना आतून पोखरतं, हे मी पाहिलं आहे. शिवाय गणिताबद्दलचा समजही चुकीचा. या शाखेत द्रवांचा प्रवाह, उष्णतेचं वहन, विकलक समीकरणं सगळं येतं. एम.टेक.च्या प्रवेशासाठी असलेल्या गेट परीक्षेच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरातही गणिताचा वेगळा विभाग असतो.

सहज विचारलं, तुम्ही काय करता?

"कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे. फर्मेंटेशनला. बावीस वर्षं झाली."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, टाकीत काय चालतं ते हिला सांगा ना.

ते आधी संकोचले, मग खुलले. मळीत पाणी घालून ती पातळ करायची, यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल तयार होतं, वायू निघतो आणि टाकी तापायला लागते. "चौतीसच्या वर काटा गेला की माझ्या पोटात गोळा येतोय. यीस्ट दमतंय बघा. मग कूलिंग वाढवायचं. मीटर हाय, पण मी हात लावून बघतोच." त्यांनी तळहात पुढे केला, जणू समोर टाकीच उभी होती.

मी कागदावर एक बाटली काढली आणि तिच्याशेजारी टाकी. लांबी, रुंदी, उंची दहापट केली तर आतला द्रव हजारपट होतो, पण बाहेरचा पत्रा शंभरपटच. उष्णता तयार होते सगळ्या द्रवात, बाहेर पडते ती पत्र्यातून. म्हणून प्रयोगशाळेच्या बाटलीत सुखानं जगणारं यीस्ट मोठ्या टाकीत तापून निघतं. जिवंत पेशींना लाखो लिटरमध्ये जगवायचं कसं, हा जैव अभियांत्रिकीचा गाभा आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५०च्या दशकात पेनिसिलिन बनू लागलं, तेव्हाही प्रश्न याच जातीचा होता. पेनिसिलिन तयार करणाऱ्या बुरशीला तर टाकीभर हवाही पुरवत राहावी लागते.

मुलगी पहिल्यांदा बोलली. "मग थंड पाणी टाकीच्या आतूनच का फिरवत नाहीत?"

वडील तिच्याकडे बघतच राहिले. "काही ठिकाणी फिरवतात. आमच्यात रसच बाहेर काढून प्लेटांमधनं थंड करून परत आत सोडतोय."

त्या दिवशी मी कॉलेजांची नावं काढलीच नाहीत. वडिलांच्या वहीत दर तासाच्या तापमानाच्या नोंदी होत्या. त्याचा आलेख काढून आठवड्यानं ये, एवढंच सांगितलं. ती आली ती तीन बॅचचे आलेख घेऊन. एका बॅचला दहाव्या तासाला उंचवटा होता, त्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

मग व्यवहाराचं बोललो. नावातच पुष्कळ गोंधळ आहे. बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी वेगळी, कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीतली बी.टेक. वेगळी आणि इंजिनिअरिंगची बी.टेक. वेगळी. या शेवटच्या पदवीत गणित शिकावं लागतंच. आयआयटी मद्रासला बायोलॉजिकल इंजिनिअरिंग याच नावाची पदवी आहे, पण तिथला रस्ता जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा, आणि हिनं ती दिली नव्हती. तिच्यापुढे उरले दोन पर्याय: एका खासगी विद्यापीठात बायोटेक, किंवा सरकारी विद्यापीठात केमिकल.

मी केमिकलकडे झुकले, आणि का ते स्पष्ट सांगितलं. बायोटेकच्या नुसत्या चार वर्षांवर मिळणारी पहिली नोकरी बहुतेकदा क्वालिटी कंट्रोलची किंवा प्रॉडक्शनच्या शिफ्टची असते, पगार बेताचा. केमिकलवाल्याला डिस्टिलरी, औषध कारखाना, लस कारखाना सगळीकडे दार उघडं राहतं, आणि पुढे बायोप्रोसेसमध्ये, म्हणजे जिवंत पेशींकडून उत्पादन घेण्याच्या तंत्रात, एम.टेक. करता येतं. माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) ते आहे. खर्चाचाही प्रश्न होता. आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना २०२४-२५पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. खासगी विद्यापीठाच्या जागेवर ही सवलत मिळणार नव्हती.

आणखी एक सांगितलं: प्रवेशाआधी प्रयोगशाळा बघून ये. यंत्रं किती हे विचारू नकोस, शेवटचं कधी चालवलं ते विचार. ती खरंच जाऊन विचारून आली.

आता ती केमिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत वडिलांचा फोन आला होता. "मॅडम, पोरगी विचारत होती, तुमच्या प्लेटांमधनं मिनिटाला पाणी किती जातंय. बावीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. शिफ्टला गेल्यावर मीटर बघून सांगितलं तिला."