वाचकांचे प्रश्न: पिल्लू चावतं, घरात घाण करतं, शेळ्यांमागं लागतं

अडीच महिन्यांचं पश्मी पिल्लू आणलंय. लेकरांच्या पायाला, पायजम्याला लोंबकळतं, दात लागतात. सासरे म्हणतात, नाकावर दोन टपल्या दिल्या की सुधारतं. द्याव्यात का? (एक वाचक, औसा)

देऊ नका. टपलीनं पिल्लू चावणं सोडत नाही, हात जवळ आला की सावध व्हायला शिकतं. मग सहा महिन्यांनी कानात औषध घालायला हात पुढं केला की तेच कुत्रं गुरगुरतं. काही पिल्लांना तर टपली हा खेळच वाटतो आणि ती जास्त चेकाळतात.

या वयात पिल्लं तोंडानंच खेळतात. दात कातडीला लागले त्याच क्षणी खेळ संपवायचा. हात झटक्यानं ओढू नका, कारण हलणारी वस्तू पकडावी हा त्याचा स्वभाव. पश्मी तर शिकारीमागं पळणारी जात, पळते पाय आणि उडता पदर तिला सुटतच नाही. हात ढिला सोडा, उठा, पाठ फिरवा, वीस-तीस सेकंद त्याच्याकडं बघूसुद्धा नका. मग सुती कापडाची घट्ट वेणी किंवा जाड दोर तोंडात द्या आणि त्याच्याशी खेळा. चावलं की माणूस जातो, दोर चावला की माणूस खेळतो, एवढाच हिशेब त्याला कळायला हवा.

हा हिशेब बिघडवतात घरातलेच लोक. चौघं पाठ फिरवतात आणि पाचवा काका हातानं कुस्ती खेळतो, मग पिल्लू कधीतरी जमेल म्हणून चावत राहतं. लेकरांना सांगा, पिल्लू अंगावर आलं की किंचाळून पळायचं नाही, हात छातीशी घेऊन खांबासारखं उभं राहायचं. लहान लेकरांना पिल्लासोबत एकटं सोडूच नका.

दिवेलागणीला ते हमखास पिसाळल्यासारखं करतं ना? बहुतेक वेळा ते झोप न झाल्यानं. या वयाचं पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतं. घरात सतत माणसं असली की त्याची झोप मोडत राहते. अशा वेळी शिकवत बसू नका, शांत कोपऱ्यात ठेवा. चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्यापर्यंत दुधाचे दात पडून नवे येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. ओलं फडकं पिळून, वेणी घालून फ्रिजरमध्ये गोठवून चघळायला द्या, पण समोर बसून, तुकडे गिळू न देता. जुनी चप्पल मात्र नको. जुनी आणि नवी यातला फरक त्याला कळत नाही.

दातानं कातडी फुटली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात दाखवा. घरचंच पिल्लू आहे म्हणून सोडून देऊ नका. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर टोचतात, म्हणजे तुमच्याकडच्याला ती अजून मिळालेली नसणार.

दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. पिल्लू खाली फिरवून आणलं की घरात येऊन शू करतं. नाक घासून पाहिलं, उपयोग नाही. (एक वाचक, नांदेड)

नाक घासल्यावर ते एकच शिकतं, माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागं जाऊन करतं आणि बाहेर तुम्ही समोर असलात की रोखून धरतं. तुमच्याकडं बहुधा हेच झालंय.

नव्यानं सुरुवात करा. वयाचे जेवढे महिने, त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास पिल्लू जास्तीत जास्त रोखू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं तीन तास, तेही झोपेत. जागं असताना दर तासा-दीड तासानं न्या. शिवाय झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आणि खेळ थांबला की लगेच. जिन्यावरून चालवत नेऊ नका, वाटेतच सांडतं. उचलून न्या, रोज एकाच जागी उभे राहा, बोलू नका. काम झालं की दोन सेकंदांच्या आत, तिथंच, खाऊ द्या. घरी आल्यावर दिलात तर तो घरी येण्याबद्दलचा ठरतो. आणि काम झाल्याबरोबर वर नेऊ नका, पाच मिनिटं हुंदडू द्या. नाहीतर शू केली की मजा संपते हे त्याच्या लक्षात येतं आणि ते रोखून धरायला लागतं.

पाच मिनिटांत काही झालं नाही तर वर आणून दोरीनं स्वतःजवळ ठेवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा न्या. करताना दिसलं तर काही न बोलता उचला. नंतर दिसलं तर फक्त पुसा. फिनाईलनं आपल्या नाकापुरता वास जातो, त्याला जुनी जागा सापडतेच, आणि पायाला लागलेलं ते चाटतं. टिपून घ्या, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान मिसळून पुसा, वाळू द्या.

लसीकरण पुरं झालेलं नसेल तर मोकाट कुत्री जिथं बसतात त्या मातीवर ठेवू नका. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. तोवर गच्चीवर किंवा बाल्कनीत पसरट ट्रेमध्ये माती घालून तिथं सवय लावा. वर्तमानपत्र पसरू नका. नंतर तुम्ही वाचत असलेला अंकही त्याला आपलाच वाटतो.

आखाड्यावर राखणीसाठी पिल्लू आणलंय, चार महिन्यांचं. शेळ्या-कोंबड्यांमागं धावतं. दिवसभर साखळीला बांधावं का? (एक शेतकरी, जिंतूर)

दिवसभर बांधलेलं पिल्लू शेळ्यांना सरावत नाही, लांबून बघून तडफडतं आणि सुटलं की दुप्पट जोरानं धावतं. मोकळं सोडलं तरी तेच, कारण धावणं हेच त्याचं बक्षीस आहे. कोंबडी फडफडली की त्याला मिळायचं ते मिळालं, तुमच्या ओरडण्याला काही किंमत राहत नाही. म्हणून तुम्ही जवळ नसाल तेव्हा त्याला जाळीच्या सावलीतल्या वाड्यात ठेवा, पाण्यासह.

तुम्ही असाल तेव्हा आठ-दहा मीटरची सुती दोरी घ्या. ती गळपट्ट्याला नको, छातीच्या पट्ट्याला बांधा, धावत जाऊन हिसका बसला तर मान दुखावते. शेळ्या दिसतील पण पिल्लू तुमच्या हातचं खाईल एवढ्या अंतरावर उभे राहा, तीस-चाळीस पावलं धरा. शेळीकडं बघून ते तुमच्याकडं वळलं की लगेच तुकडा द्या. खाणं नाकारलं की समजा फार जवळ आलात, मागं या. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि अंतर दोन-चार पावलांनीच कमी करा. चाऱ्यावर उभ्या शेळ्या आधी, पळत्या नंतर, कोंबड्या सगळ्यात शेवटी. वर्षाचं होईपर्यंत कोंबड्यांत एकटं सोडायचा भरवसा धरू नका.

हाक मारून कधी रागावू नका आणि प्रत्येक वेळी हाक मारून बांधू नका. दहातल्या आठ वेळा बोलवा, खाऊ द्या, पुन्हा सोडा. उन्हाळ्यात हे सगळं सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. हाताची उलटी बाजू जमिनीवर पाच सेकंद टेकवत नसेल तर पिल्लाचे पंजेही भाजतात.

शिकवायला सहा महिन्यांनंतर सुरुवात करावी असं ऐकलंय. (एक वाचक, परभणी)

तोवर उशीर झालेला असतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. ट्रॅक्टर, बँडबाजा, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकणारे आजोबा, पावसातली छत्री, हे सगळं याच काळात दाखवा. लसी बाकी असतील तर कडेवर घेऊन लांबून दाखवा आणि सोबत खाऊ द्या. घाबरून मागं सरकलं तर पुढं ढकलू नका. दिवाळीच्या आधी महिनाभर फटाक्यांचा आवाज मोबाईलवर अगदी हळू लावून जेवण द्या, आवाज रोज थोडा वाढवा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू मात्र घेऊ नका. भावंडांकडून चावण्याची मर्यादा ते तिथंच शिकतं. लसींच्या तारखा परभणीच्या किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, नाहीतर जवळच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

खाऊ म्हणून बिस्किट चालेल का? (एक वाचक, अंबाजोगाई)

नको. मीठ-मसाला न घातलेली उकडलेली कोंबडी, उकडलेलं अंडं किंवा पनीर, हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा. मोठा दिलात तर चावण्यात वेळ जातो आणि पोट लवकर भरतं. रश्शातला तुकडा नको, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगमही नाही, म्हणजे मनुका घातलेला शिराही नाही. कोंबडीचं शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं, तेही टाळा. दिवसभरात जेवढे तुकडे द्याल तेवढं जेवण कमी करा.